याच्यात दुसरा रंग आहे का?

मराठी माणसानं दुकानदारावर जेवढे विनोद केले तेवढे जावयावरही केले नसतील. पुणेरी दुकानदार तर पु. ल. देशपांड्यांनी असा काही अजरामर करून ठेवला की आज लक्ष्मी रस्त्यावर एखाद्यानं हसून ‘या, बसा’ म्हटलं तर आपण चुकून परगावी आलो की काय असं वाटतं. दुपारी एक ते चारची झोप, विनाकारण चौकशी करू नये छापाच्या पाट्या, सुट्ट्या पैशांवरून काढलेली अक्कल, सगळं आपल्याला पाठ आहे. पण हे सगळे किस्से गिऱ्हाइकांनी सांगितलेले. काउंटरच्या आतून बाहेर काय दिसतं ते विचारायला कोणी जात नाही. शिवाय ज्याच्यावर आपण हसतो तो मालक, आणि आपल्याशी तासभर डोकं लावून बसतो तो मालक नसतोच. तो पगारी माणूस. दुकान त्याचं नाही, माल त्याचा नाही, भाव त्यानं ठरवलेला नाही. शिव्या तेवढ्या त्याच्या.

गेल्या हंगामात, म्हणजे पितृपक्षापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, दादर, लक्ष्मी रस्ता आणि ठाणे इथल्या कपड्यांच्या दुकानांतल्या अशा माणसांशी बोलत हिंडलो. बोलायला सगळे एका पायावर तयार, नाव छापायला एकही नाही. ‘नाव आलं की शेठ विचारणार, ऐन सीझनमध्ये तुला गप्पा ठोकायला वेळ सापडला कसा?’ त्यामुळे इथे ती दुकानात ज्या हाकेनं ओळखली जातात तशीच येतील.

दादरच्या एका साडीच्या दुकानातले मामा या धंद्यात तीसेक वर्षं आहेत. त्यांच्या मते पहिली परीक्षा गिऱ्हाईक दारात असतानाच होते. हाक काय मारायची? ‘ताई’ सगळ्यात सुरक्षित. ‘वहिनी’ म्हणायचं तर बरोबर कोण आहे ते आधी बघावं लागतं. ‘मावशी’ला एखादी हसते, एखादी नाही. आणि ‘काकू’? मामांनी कानाला हात लावला. ‘काकू म्हटलं की साडी गेली. बाई साठीची असली तरी गेली. माझ्याहून मोठ्या बायकांना मी ताई म्हणतो आणि माझ्या मुलीच्या वयाच्या पोरींनाही ताईच म्हणतो. मॉलवाल्यांनी ते मॅडम-मॅडम चालू केलं ना, ते उगाच नाही. त्यात वय नाही.’

हाक पार पडली की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘नुसतं बघतोय हं.’ हे ऐकल्यावर नवा पोरगा हात आखडता घेतो. मुरलेला माणूस दुप्पट उत्साहानं माल काढतो, कारण त्याचा अनुभव असा की जी खरंच नुसती बघायला आलेली असते ती तसं सांगत नाही. ती बजेट सांगते, लग्न कोणाचं ते सांगते, चहा घेते, पंचवीस साड्या उघडायला लावते आणि ‘यांना घेऊन येते’ म्हणून जाते. ते ‘हे’ आजवर कोणत्याच दुकानात आलेले नाहीत.

साडी दाखवणं हे बाहेरून दिसतं त्यापेक्षा अंगमेहनतीचं काम आहे. फळीवरच्या थप्पीतून मधलीच साडी, वरच्या न पाडता, ओढून काढायची. प्लास्टिकची पिशवी काढायची. मनगटाला असा काही झटका द्यायचा की पदर काउंटरभर पसरेल पण समोरच्या बाईच्या तोंडावर जाणार नाही. मग काठ, मग अंगातली बुट्टी, मग आतलं ब्लाऊजपीस. इतकं करून बाई म्हणतात, ‘अंगावर कशी दिसेल?’ तेव्हा मामा स्वतः साडी नेसतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला गंध, पिकलेल्या मिशा, आणि खांद्यावरून डौलात सोडलेला राणी रंगाचा पदर. निऱ्या इतक्या सफाईनं पडतात की शेजारच्या काउंटरवरच्या बायकाही वळून बघतात. मी बघत होतो तेव्हा समोरच्या बाई मान तिरकी करून बराच वेळ न्याहाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘तुम्हाला खुलतोय हो, पण मला नाही जायचा हा रंग.’ मामांनी चेहऱ्यावरची घडीसुद्धा मोडू दिली नाही. नंतर मला म्हणाले, ‘ती माझ्याकडे बघतच नसते. तिच्या दृष्टीनं मी हँगर. लाज पहिल्या वर्षी वाटते. पुढे पुढे आपल्यालाही कळायला लागतं की आपल्याला मोरपिशी चांगला दिसतो.’

त्याच बाईंनी मग या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न विचारला. दुकानातले लोक याला ‘दुसऱ्या रंगाचा आजार’ म्हणतात. लाल दाखवली की हिरवी हवी, हिरवी दाखवली की अशीच पण काठ बारीक, बारीक काठाची काढली की ‘ती मघाशी ठेवलीत ना, ती परत दाखवा.’ मघाची आता ढिगात तळाशी. रंग ठरला तरी तो दिव्याखाली पटत नाही. साडी दारात नेऊन उजेडात बघायची असते. मग बाई पुढे, पदर त्यांच्या हातात, दुसरं टोक मामांच्या हातात, अशी वरात फुटपाथपर्यंत जाते. रानडे रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत हे किती जोखमीचं आहे, ते त्या गर्दीतून चाललेल्यालाच ठाऊक. आणि सूर्य मावळल्यावर आलेल्या एका बाईंनी ‘उद्या सकाळी उजेडात बघू, तोवर बाजूला काढून ठेवा’ असं सांगितल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

नवरात्र हा वेगळाच अध्याय. वर्तमानपत्रांनी नऊ दिवसांचे नऊ रंग रुजवले, लोकलचे डबे आणि बँकांचे काउंटर एका रंगाचे दिसू लागले, धंद्याला बरकत आली. पण एक गोची होऊन बसली. रंग वाराप्रमाणे ठरतात आणि शनिवार राखाडी असतो. आपल्याकडे राखाडी साडी वर्षभर कोणी हातात धरत नाही, सणाला तर नाहीच. ‘तीनशे चौसष्ट दिवस जी साडी तळाला पडून, ती त्या एका शुक्रवारी रात्री साडेनऊला सगळ्या ठाण्याला हवी असते,’ ठाण्यातल्या एका दुकानातला भाऊ सांगत होता. ‘आणि शनिवार उलटला की त्यातल्या दोघी-तिघी परत. ताई, नेसलात ना काल? नाही हो, नुसती घडी मोडली.’

गेल्या नवरात्रात आणखी एक भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबणापासून छोट्या गाड्यांपर्यंत बऱ्याच गोष्टी उतरल्या आणि लोकांनी साडीच्या दुकानातही ‘आता किती कमी?’ असा मोर्चा वळवला. आपल्या साध्या साड्यांवर आधीही पाचच टक्के होता आणि आताही पाचच, हे भाऊनं त्या आठवड्यात इतक्यांदा सांगितलं की त्याचा घसा बसला. ‘अर्थमंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं ते खोटं का?’ असं त्याला विचारणाऱ्या आजोबांना उत्तर देण्याइतका तो शिकलेला नाही, असं तो म्हणतो. मला वाटतं, त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकं कोणीच शिकलेलं नसतं.

पैठणीची तऱ्हा और. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’नं पैठणी घराघरांत पोचवली, हे खरंच. पण त्याबरोबर ‘तशी पैठणी, दोन हजारांपर्यंत’ हे वाक्यही पोचलं. येवल्याच्या हातमागावर एका पैठणीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ जातो. पदरावरचा मोर उलट बाजूनंही तसाच दिसतो, कारण तो एकेक धागा हातानं गुंफलेला असतो. ही परीक्षा आता रील बघून सगळ्यांना ठाऊक झाली आहे. त्यामुळे यंत्रमागावरची नऊशे रुपयांची साडी उलटी करून, मागचे सुटे धागे बोटांत धरून, ‘ही खरी नाही’ असं विजयी मुद्रेनं सांगणारी माणसं रोज येतात. नाहीच ती खरी. खरी असल्याचं कोणी म्हटलेलंही नसतं. पण लाच घेताना रंगेहाथ पकडल्यासारखं सगळं दुकान काउंटरवरच्या पोराकडे बघू लागतं.

बस्त्याबद्दल मात्र सगळेच सैलावून बोलले. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात ती गाडी करून. नवरी, तिची आई, होणाऱ्या सासूबाई, दोन्हीकडच्या आत्या, डबा घेऊन आलेली एक मावशी, झोपलेलं एक मूल आणि हिशेबाला बसलेले एक काका. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात अजून पांढऱ्या गादीवर बस्ता बांधतात, तिथले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, ‘आमचं पहिलं काम साडी दाखवण्याचं नसतं. कोणाच्या डोळ्याकडे बघून दाखवायची, हे ओळखण्याचं असतं. नवरीला आवडून काही होत नाही. पैसे देणाऱ्याला आवडूनही काही होत नाही. कोपऱ्यात एक बाई गप्प बसलेली असते. ती “बरी आहे” म्हणाली की पावती फाडायची.’

शालू ठरायला तीन तास, आणि आहेराच्या चाळीस साड्या पंधरा मिनिटांत. पण त्या पंधरा मिनिटांत जी कसोटी लागते ती शालूत लागत नाही. आहेराची साडी चांगली दिसली पाहिजे, चांगली असता कामा नये. किंमत कळता कामा नये, पण अंदाज वरचा यायला हवा. नणंदेला आणि नणंदेच्या जावेला एकाच भावाची चालत नाही, आणि फरक आहे हे दिसूनही चालत नाही. हे गृहस्थ थेट विचारतात: ‘मनापासून द्यायची की मानापुरती?’ बायका आधी दचकतात, मग हसतात, मग दोन वेगळे गठ्ठे करायला सांगतात. बाजारातलं इतकं प्रामाणिक संभाषण मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

मॉलमधला छळ जरा शिस्तीचा असतो. तिथल्या एका तयार कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या ताईला दारातून येणाऱ्या प्रत्येकाचं ठरावीक शब्दांत स्वागत करावं लागतं. कुरिअरवाल्याचं झालं आहे, चुकून आत शिरून परत वळलेल्याचं झालं आहे, आणि एकदा दार नुसतं वाऱ्यानं हललं तेव्हा सवयीनं वाऱ्याचंही. एकच गाण्यांची माळ दिवसभर फिरत असते. तिच्यातलं एक गाणं भाच्याच्या बारशात लागलं तेव्हा तिचे हात आपोआप शर्टच्या घड्या घालायला लागले. तिच्या कंपनीकडून अधूनमधून गुप्त गिऱ्हाईक येतं, म्हणजे साध्या वेशात येऊन कर्मचाऱ्यांच्या वागण्याला गुण देणारा माणूस. तो कोण हे कळत नाही, एवढंच कळतं की तो मुद्दाम त्रास देतो. परिणाम असा की जो जास्त उर्मट, त्याला जास्त मान. ‘सरळ वागणाऱ्यांवर आम्ही वेळ घालवत नाही,’ ती म्हणाली, ‘ते नक्कीच खरे गिऱ्हाईक असतात.’

बिलाच्या टेबलावर तर सरकार, कंपनी आणि गिऱ्हाईक यांची तिथल्या पोरीच्या डोक्यावर त्रिस्थळी यात्रा होते. मोबाइल नंबरची सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३मध्ये दुकानदारांना दिली, पण संगणक नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. कागदी पिशवीचे तीन रुपये लावले म्हणून चंडीगडच्या ग्राहक मंचानं २०१९ साली एका नामांकित बूट कंपनीला एकूण ९००० रुपयांचा भुर्दंड घातला होता. ही बातमी नियम म्हणून कोणालाच माहीत नाही, धमकी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. आणि आता ते पैसे आल्याची दवंडी पिटणारं डबडं. एका बाईंनी सासूबाईंना साडी चार हजारांची म्हणून सांगितलं होतं. पैसे भरताच डबडं खणखणीत आवाजात ओरडलं, ‘बारा हजार चारशे रुपये प्राप्त झाले.’ बाईंनी काउंटरवरच्या पोरीकडे असं बघितलं की ती पटकन म्हणाली, ‘मागच्या गिऱ्हाइकाचे आत्ता आले वाटतं.’ हे तिला कोणी शिकवलेलं नाही. बढती द्यायची तर अशांना द्यावी.

बऱ्याच दुकानांत गल्ल्यामागे महात्मा गांधींच्या नावानं एक सुविचार लावलेला असतो. गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत, अशा आशयाचा. गांधींच्या समग्र वाङ्मयात तो सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा मजकूर १९४०च्या दशकातल्या अमेरिकन विक्रीवाल्यांच्या लिखाणात मिळतो. एकूण तो मोटारी विकणाऱ्यांचा तोरा आहे, साबरमतीचा नाही. मामांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, ‘मला शंका होतीच. गांधीजी काउंटरला उभे राहिले असते तर पहिल्याच दिवाळीत उपोषणाला बसले असते.’

बसण्यावरून आठवलं. हसत हसत सांगितलेल्या सगळ्या किश्शांच्या तळाशी पाय होते. दहा-अकरा तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, रात्री पाय उशीवर घ्यावे लागतात. यात मला सगळ्यात चमत्कारिक वाटली ती एक गोष्ट. जुन्या गादीच्या दुकानात विकणारा आणि घेणारा दोघंही मांडी घालून समोरासमोर बसत. दुकानं आधुनिक झाली, काच आली, वातानुकूलन आलं, आणि विकणारा उभा राहिला. स्टूल दिसतं, पण ते गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या नवऱ्यासाठी असतं. केरळात कोळिकोडच्या बाजारातल्या विक्रेत्या बायका पी. विजी यांच्या पुढाकारानं आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग साध्या बसण्याच्या हक्कासाठी भांडल्या. तिथं २०१८मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली, आणि २०२१मध्ये तमिळनाडूनंही केली. आपल्याकडच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याची ख्याती झाली ती दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली म्हणून. त्यातली २०२५पर्यंतची रोजच्या नऊ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ही कलमं फारशी कोणाच्या तोंडी नसतात, आणि २०२५पर्यंत तो मुख्यतः लागू होता दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानांना. भाऊ हसला. ‘आमच्यात नऊच आहेत. दहावा आला की आठवडाभरात शेठच्या गावचा पाहुणा होतो.’

दिवाळीचा शेवटचा आठवडा वेगळा वर्णायला नको. शटर अर्धं खाली आल्यावर वाकून आत शिरणारी माणसं, ‘दोनच मिनिटं’ आणि त्या दोन मिनिटांत उघडला जाणारा ढीग, हे सगळं आपण काउंटरच्या बाहेरून केलेलं आहेच. खरी मजा सुरू होते ती भाऊबीज झाल्यावर. दुसऱ्या दिवसापासून साड्या बदलायच्या रांगा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित ठरवलं आहे. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. पण भाऊबिजेच्या साडीत दोष नसतो. दोष भावाच्या पसंतीत असतो, आणि त्याबद्दल कायदा गप्प आहे.

एक बहीण आली. भावानं दिलेली साडी बदलून हवी, आणि भावाला कळता कामा नये. मामांनी बदलून दिली. दीड तास लागला, कारण याच्यात दुसरा रंग नव्हता. संध्याकाळी तिचा भाऊ बायकोसाठी काही बघायला आला आणि जाता जाता म्हणाला, ‘मामा, तुम्ही काढून दिलेली साडी ताईला फार आवडली बरं का. नेसूनच बसलीये म्हणते.’

‘आवडणारच,’ मामा म्हणाले. ती साडी तेव्हा त्यांच्या मागच्या फळीवर होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी दुसऱ्या एका भावाला काढून दिली, ज्याची भाऊबीज गावाला जायचं म्हणून लांबली होती.